दोन जार, थंड नको

यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली तेव्हा क्लारा ओट्याशी उभी होती आणि नळ नुसता फुसफुसत होता. रेचलच्या लग्नाची यादी. रेचल तिची भाची, भावाची एकुलती पोर, आणि यादी टाकणारा भाऊ टोनी. बँड चार वाजता. नारळ पाच. अंडी, गावठी. फुलं. फिलूमावशीला आणायला रिक्षा. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत: उंबराचं पाणी, जार दोन, थंड नको. तिने ती ओळ वाचली, मोबाइल पालथा ठेवला, परत सुलटा केला आणि परत वाचली. थंड नको. म्हणजे माणसाने विचार केला होता. पोरीच्या अंगावर एकदम गार पाणी पडून तिला हुडहुडी भरू नये, इतका बारीक विचार. बाप असावा तर असा. क्लाराच्या कानशिलात काहीतरी ठणकायला लागलं. गॅसवर चहा उकळून उकळून काळा झाला, तरी तिने तो बंद केला नाही.

उंबराचं पाणी जारमधून. उद्या शवपेटीही प्लास्टिकची आणतील मेले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका लुगडी नेसून वाजतगाजत वाडीतल्या बावीवर जायच्या, तिला अंडं द्यायच्या, नारळ द्यायच्या, दारूची धार सोडायच्या, आणि मग तिच्याकडे पाणी मागायच्या. त्या पाण्याने नवरीची आंघोळ. बाव म्हणजे विहीरच, पण उत्तनच्या वाडीत तिला विहीर म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. आय त्याच पाण्याने न्हाऊन चर्चमध्ये उभी राहिली, आयची आय पण. क्लाराचं लग्न झालं नाही, ते राहून गेलं, पण आत्या म्हणून तिचा मान राहिला होता. पहिली कळशी आत्याची. ती आत्याने ओढायची, डोक्यावर घ्यायची, आणि एकदा डोक्यावर चढली की पोचेपर्यंत खाली टेकवायची नाही. कळशी पुढे, बँड मागे. कुणी तिच्या पुढे जायचं नाही, कुणी तिला हात लावायचा नाही. आयच्या लग्नात म्हणे तिच्या आत्याच्या पायात काटा मोडला होता, तर ती बया लंगडत घरापर्यंत आली आणि कळशी उतरवल्यावर मग बसून रडली. लहानपणी क्लाराला ही गोष्ट इतकी आवडायची की ती रिकामा डबा डोक्यावर घेऊन अंगणात लंगडत फिरायची आणि टोनी मागून ताट बडवायचा. तो टोनी. तो ताट बडवणारा टोनी आता जारची ऑर्डर देतोय.

खरं तर तिला धक्का बसायचं कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या पास्कूच्या मुलीच्या लग्नात तिने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. बावीच्या तोंडाशी आतल्या अंगाला एक दगडी पायरी आहे, त्या पायरीवर निळा ड्रम ठेवलेला, आणि जारचं पाणी त्यात ओतलेलं. कळशी दोरीला बांधून हातभर खाली सोडायची, ड्रममध्ये बुडवायची, ओढून घ्यायची. नेमकं तेव्हाच बँडवाला गाल फुगवून जोर लावतो. वरून बघणाऱ्याला वाटावं, पाणी बावीचंच. पण वरून बघणारे सगळे वाडीतलेच, मग फसवत कुणाला होते? बावीला? की चर्चच्या भिंतीवरच्या देवाला? सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली होती. त्या दिवशी क्लारानेही धरली. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खाल्लं, दोन पेग वाइन प्यायली, फिलूमावशीबरोबर गाणी म्हटली आणि शेवटच्या बसने शहरात, इंद्रलोकमधल्या आपल्या फ्लॅटवर परत आली. आपल्या घरचं थोडंच आहे, असं मनाला सांगितलं. लोक असंच म्हणतात आणि मग एक दिवस यादी आपल्याच मोबाइलवर येते.

नळ अजून फुसफुसत होता. खाली टँकर आल्याचा आवाज आला आणि तिने खिडकीतून बघायचं टाळलं. टँकरचा निळा रंग, मागच्या बाजूला रंगवलेला मासा, सगळं तिला पाठ होतं, कारण एप्रिल लागला की सोसायटीच्या टाकीत तोच येऊन ओतायचा आणि तो कुठे भरतो तेही तिला ठाऊक होतं. वाडी बावीचं पाणी पीत नव्हती. वाडी जार पीत होती. बावीवर मोटर मात्र बसवलेली होती, टोनीनेच बसवलेली, आणि तिच्यावर दिवसाला पाच-सहा टँकर भरून शहरात जायचे, इंद्रलोकला, आणखी कुठे कुठे. ज्या पाण्याने नवरीचं अंग धुवायला नको ते पाणी बिल्डिंगवाल्यांनी प्यावं. त्यांना काय, त्यांच्याकडे फिल्टर असतात. असतात काही जणांकडे. तिच्या समोरच्या दारातल्या निशिगंधाकडे होता, पण त्याच्या आतली कँडल तडकली होती आणि नवी आणू आणू म्हणत राहून गेलं होतं. एवढीच काय ती चूक. एवढ्या चुकीला निशिगंधाची सून रसिका सातव्या महिन्यात काविळीने आडवी झाली.

क्लारा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम करत होती. नळ्या येतात, नळ्या जातात, नाव बघायचं नाही, नंबर बघायचा, ही तिची सवय. पण त्या दिवशी मशिनमधून नळी बाहेर काढली आणि वर तरंगलेलं सिरम इतकं पिवळं होतं, भिजवलेल्या हळदीसारखं, की तिने नाव वाचलं. रसिका. ही पोर आठच दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये तिला म्हणाली होती, क्लारा आंटी, मला सारखं मळमळतंय, या महिन्यात पण असं होतं का? आणि ही लॅबवाली, सव्वीस वर्षांची, म्हणाली होती, होतं गं, लिंबू चाट. लिंबू चाट. त्या शब्दांनी क्लाराला नंतर कित्येक दिवस जेवू दिलं नाही. रसिका वाचली. पोट रिकामं घेऊन घरी आली. निशिगंधा दारात उभी राहून म्हणाली, नशीब हो आमचं, दुसरं काय. क्लाराला तिच्या नशिबाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. नशिबाला रंगवलेला मासा असतो का मागच्या बाजूला? नशीब डिझेलवर चालतं का?

पुढच्याच रविवारी ती निर्जंतुक बाटली घेऊन वाडीत गेली. टोनी चर्चमध्ये मिस्साला गेला होता. बावीपाशी तिने दोर सोडला, पाणी काढलं, बाटली भरली, आणि वास घेतला. घ्यायला नको होता. लहानपणी या पाण्याला वास होता, ओल्या दगडाचा, शेवाळाचा, दुपारी शाळेतून आल्यावर तोंड लावून प्यायचं तेव्हा नाकात शिरायचा. आता नाकात शिरलं ते वेगळंच. तिने मान वर केली. बावीच्या मागे पापाचं, तिच्या बापाचं, भाताचं खाचर होतं, तिथे आता लग्नाचं लॉन होतं. हिरवीगार खोटी हिरवळ, कमान, कारंजं. कारंजं, अरे देवा. आणि लॉनच्या मागच्या भिंतीतून, संडासांच्या बाजूने, हाताएवढा काळा पाइप बाहेर आला होता आणि ओढ्यात मोकळा झाला होता. ओढा बावीपासून वीस पावलांवर. मे महिन्यातही तो ओढा वाहत होता. सगळं रान कोरडं ठाक आणि तेवढा ओढा तुडुंब. लोक म्हणायचे, काय बरं पाणी आहे या ओढ्याला.

रिपोर्ट आला. लॅबच्या मॅडमनी चष्मा काढून विचारलं, हे कुठलं सॅम्पल, गटाराचं का? क्लारा म्हणाली, आमच्या बावीचं. रिपोर्टवर खाली लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य. पिण्यास अयोग्य म्हणे. जेवणात मीठ कमी पडावं तसं. तो कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला आणि टोनीच्या पडवीत जाऊन त्याच्यापुढे उलगडला. टोनीने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाला,

"लगीन होऊ दे. मंग बघू."

"लग्नाचा काय संबंध? मोटर आज बंद कर."

"तो टँकरवाला भांडीधुनी करायला नेतो पानी. पिऊ नका असं मी सांगून ठेवलंय."

"कुणाला सांगून ठेवलंयस?"

"डायवरला."

क्लाराला हसू आलं आणि त्या हसण्याचाच तिला राग आला. टोनी म्हणाला, आपुन प्यालो न्हाय का जन्मभर, मेलो का? पानी बरं हाय. तुमच्या लॅबला गिऱ्हाईक पायजे, दुसरं काय. आणि पाइपाचं म्हणशील तर लॉनवाल्याला मी बोलतो, पण लगीन होऊ दे. रेचलचं रिसेप्शन तिथंच हाय, पत्रिका वाटल्यात, तू आता बोंब मारलीस तर पोरीचं तोंड कुठं दाखवू? मग त्याने आवाज खाली केला. तो आवाज तिला ओळखीचा होता, ताट बडवून झाल्यावर आयचा मार चुकवायचा आवाज. म्हणाला, आनि त्या जमिनीवर तुझी सही पन हाय, क्लारा.

होती. नाही कशी. पापाच्या मागे जमीन दोघांच्या नावावर. आठ वर्षांपूर्वी टोनी चार पानं घेऊन इंद्रलोकला आला होता, क्लारा वरणाला फोडणी देत होती, तो म्हणाला, लॉनवाल्याला भाड्याने द्यायची, इथं सही, इथं आणि इथं. तिने हात पुसले, कागद ओट्यावर ठेवला आणि सही केली. मोहरी तडतडत होती. लॅबमध्ये दुसऱ्याच्या लघवीचा रिपोर्ट दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारी बाई. त्या चार पानांत सांडपाण्याचं काही लिहिलं होतं की नव्हतं हे तिला आजही माहीत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं आय म्हणायची. आयच्या फोटोसमोर टोनीने तिच्याकडून कबूल करून घेतलं, लग्न होईपर्यंत तोंड उघडणार नाही. तिने छातीवर क्रूस करून हो म्हटलं. त्याला अकरा दिवस झाले. अकरा दिवस टँकर येत होता, सोसायटीच्या टाकीत पाणी पडत होतं. तिने वॉचमनला सांगून पाहिलं, सेक्रेटरीला सांगून पाहिलं, कुठून येतं ते न सांगता, पाणी उकळून प्या अशी चिठ्ठी लिफ्टमध्ये लावली. कुणीतरी त्या चिठ्ठीवर कराटे क्लासची जाहिरात चिकटवली. आणि आता ही यादी. थंड नको.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती टोनीच्या घरी लुगडं नेसत होती. रेचलने मागून निऱ्या धरल्या, आत्या, तू कसली चिकनी दिसतेस, म्हणाली. नवरीने बावीवर जायचं नसतं, पण आजकालच्या पोरींना फोटो हवे असतात, म्हणून ही पण निघाली, फुलांची वेणी घालून, मोबाइल हातात. आपल्यासाठीही जारच मागवलेत हे तिला ठाऊक नव्हतं. बापाने ग्रुपमधून ती ओळ नंतर पुसून टाकली होती. टोनीला लाज अगदीच नव्हती असं नाही, फक्त ती उशिरा सुचायची. पोर क्लाराला म्हणाली, लहानपणापासून मला हेच हवं होतं माहितीय, आपल्या बावीचं पाणी, तुझ्या आयसारखं. क्लाराने पदर खोचला. पर्स तिने काखेला लावली. लुगड्यावर पर्स कसली घेतेस म्हणून बायका हसल्या.

चार वाजता बँड वाजायला लागला. ऊन डोक्यावरून जरासं कललं होतं, बायका तांबडी लुगडी नेसून चालल्या होत्या, टोनी पुढेमागे करत होता. बाव आली. निळा ड्रम पायरीवर होता. त्याच्या शेजारून, अगदी ड्रमला टेकून, टँकरचा हिरवा जाड पाइप खाली काळोखात उतरला होता. सकाळी भरून गेले होते आणि पाइप काढायचा कंटाळा केला होता. दोन्ही एका पायरीवर. घरच्यांसाठी ड्रम आणि दुनियेसाठी पाइप. क्लारा बघत राहिली. फिलूमावशीने अंडं सोडलं, नारळ सोडला, दारूची धार सोडली. आत कुठेतरी डुबुक वाजलं. मग ऐंशी वर्षांच्या फाटक्या गळ्याने तिने गाणं उचललं आणि बायकांनी मागून धरलं. या गाण्यात बायका बावीला तीनदा विचारतात, बावबाय, तुझं पाणी कसं गं, आणि बावीच्या वतीने आत्याने तीनदा म्हणायचं असतं, गोड हाय. बास, एवढंच. दोन शब्द. पास्कूच्या बहिणीने म्हटले होते, त्याच्या आधी आणखी कुणी म्हटले होते.

पहिल्यांदा विचारलं. क्लाराने म्हटलं, गोड हाय. तोंडातून गेलं, सवयीने, लिंबू चाट म्हणाली होती तसंच. दुसऱ्यांदा विचारलं. तिला ते पिवळं सिरम दिसलं, नळीत वर तरंगणारं. ओठ हलले पण आवाज फुटला नाही, बायकांना वाटलं आत्या गहिवरली, त्यांनी हसून तिच्या वाटचं म्हणून टाकलं. तिसऱ्यांदा विचारलं. फिलूमावशी तिच्याकडे बघत थांबली. बँडवाला गाल फुगवून तयार होता. क्लाराने दोर उचलला. तिने कळशी दोरीला बांधली, हात लांब केला आणि दोर ड्रमच्या पलीकडे सोडला.

दोर जात राहिला. बँडवाल्याने ठरल्या वेळी जोर लावला, लावून संपला, तरी दोर जातच होता. मग खाली कळशी आपटली, बुडली, जड झाली. टोनी जवळ आला, दात आवळून म्हणाला, "क्लारा, ते न्हाय. ड्रमात हाय ना." तिने ओढायला सुरुवात केली. छप्पन्न वर्षांचे हात, दोराने तळवे सोलत होते, आणि तिला ते बरं वाटत होतं. कळशी वर आली तसा वासही वर आला. पुढच्या बायकांनी पदर नाकाला लावला. रेचलने मोबाइल खाली घेतला. टोनी म्हणाला, "ओतून दे ते. ओत म्हनतो." आणि त्याने हात पुढे केला, पण तोवर कळशी तिच्या डोक्यावर चढली होती. डोक्यावरच्या कळशीला हात लावायचा नाही. त्याचा हात हवेतच राहिला. एवढं मात्र अजून सगळ्यांना पाठ होतं.

बावीपासून दोन वाटा फुटतात. डावी घराकडे. क्लारा उजवीकडे वळली. क्षणभर कुणालाच काही कळेना. मग फिलूमावशी काठी टेकत तिच्या मागे निघाली, तोंडातल्या तोंडात म्हणाली, "कळशी पुढं, बँड मागं. शिकवलंय आम्ही." मग बायका निघाल्या. बँडवाल्यांनी टोनीकडे पाहिलं, कळशीकडे पाहिलं, आणि वाजवत मागे आले; त्यांना काय, कळशी जाईल तिकडे जायचं. कळशीतलं पाणी हिंदकळून क्लाराच्या कपाळावर, गालावर ओघळत होतं. तिने तोंड घट्ट मिटलं होतं. आतून मात्र सगळं सुटत होतं, आठ वर्षांचं, मोहरीच्या तडतडीपासूनचं. टोनीचा राग होता, लॉनवाल्याचा होता, ड्रायव्हरला सांगितलंय म्हणणाऱ्याचा होता, चिठ्ठीवर कराटे चिकटवणाऱ्याचा होता, आणि या सगळ्यांच्या तळाशी फोडणी देत देत सही करणाऱ्या बाईचा होता. तिला तर ती जन्मात सोडणार नव्हती.

लॉनवर उद्याची तयारी चालली होती. पांढरे कपडे घातलेल्या खुर्च्या, लांब टेबलं, कारंजं चालू. मॅनेजर जितेंद्र धावत आला. "मॅडम, प्रोग्राम कल है. और ये पानी-वानी अंदर अलाऊड नहीं है." क्लारा त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि मधल्या टेबलावर, पांढऱ्या कापडावर, तिने कळशी उतरवली. पोचली होती. बँड थांबला. रांगेने मांडलेल्या ग्लासांतला एक तिने उचलला, कळशीत बुडवला आणि जितेंद्रपुढे धरला.

"आप के पाइप का है. पीजिये."

जितेंद्रने टोनीकडे पाहिलं. टोनी घामाने निथळत होता. कोट आजच घालून बघितला होता, तो तसाच अंगात. "पुरे कर, क्लारा," तो म्हणाला. "शब्द दिला व्हता तू. आयच्या फोटोम्होरं." मग जमलेल्या सगळ्यांकडे वळून, हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "काय न्हाय, काय न्हाय. बावीचं पानी हाय आपल्या. बरं हाय पानी. उन्हाळ्यात जरा वास येतो."

"बरं आहे ना, पप्पा?" रेचल म्हणाली. ती पुढे आली होती, वेणी एका बाजूला घसरली होती. ती आत्याकडे बघत होती आणि बापाकडे बघत होती, आणि दोघांतलं एकच खरं असू शकतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. क्लाराला सांगावंसं वाटलं, तू नको, बाळा. पण पोरीने ग्लास तिच्या हातातून घेतलासुद्धा. "मग मी पिते. माझंच आहे ना हे पाणी."

ग्लास ओठांना लागायच्या आत टोनीचा हात आला. फाडकन. ग्लास उडाला, टेबलावर आपटला, घरंगळत खाली गेला. पांढऱ्या कापडावर पाण्याचा तपकिरी डाग पसरत गेला. टोनीने रेचलचं मनगट धरून ठेवलं होतं, लहान असताना रस्ता ओलांडताना धरायचा तसं.

"न्हाय प्यायचं ते," तो म्हणाला.

कारंजं तेवढं चालू होतं.

"आणि टँकर?" क्लाराने विचारलं.

टोनीने रेचलचं मनगट सोडलं. क्लाराने पर्स उघडली, रिपोर्ट काढला, डाग चुकवून टेबलावर पसरला. पेन काढलं आणि कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, हे पाणी आमच्या बावीचं, असं लिहून खाली आपली सही केली. तिच्याखाली एका सहीची जागा सोडली. म्हणाली, "मोटर आज बंद होईल. आणि सोमवारी हा कागद घेऊन आपण दोघं महापालिकेत जातोय. त्या पानांवर दोघांची होती, यावर पण दोघांची." मग तिने पेन टेबलावर ठेवलं. टोनी वाकला आणि खाली पडलेला ग्लास त्याने उचलला. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना.